युरिक ॲसिड वाढलंय, मग हाडांचं काय? टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

रिपोर्टात युरिक ॲसिडसमोर ७.४ हा आकडा ठळक छापून आला की अनेक घरांत त्याच संध्याकाळी तूरडाळीचं वरण बंद होतं. दोन दिवसांनी कुणी सांगितलं म्हणून टोमॅटो, पालक आणि वांगं जातं. 'आंबट नको' म्हणून दही-ताक जातं, आणि शेवटी दूधही. महिनाभरात ताटात भात, पोळी आणि दुधीची भाजी एवढंच उरतं. हे पथ्य करणारी व्यक्ती बहुधा पन्नाशीच्या पुढची असते. म्हणजे हाडं झिजायला लागतात त्याच वयात प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही तोडलं जातं. युरिक ॲसिडपेक्षा मला या पथ्याचीच जास्त काळजी वाटते.

म्हणून आधी युरिक ॲसिडचा हाडांशी खरा संबंध कुठे आहे ते पाहू, आणि मग हातातल्या रिपोर्टचं काय करायचं ते क्रमाने बघू.

संबंध कुठे आहे, कुठे नाही

आपल्या पेशींमध्ये आणि अन्नात प्युरीन नावाची द्रव्यं असतात. ती मोडली की युरिक ॲसिड तयार होतं. यातला साधारण दोन तृतीयांश भाग शरीराच्या स्वतःच्या पेशींतून येतो आणि एक तृतीयांश अन्नातून. बाहेर टाकण्याचं मुख्य काम किडनीचं, उरलेलं आतड्यांचं. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे युरिक ॲसिड आणखी मोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं, माणसात ते काम करत नाही. त्यामुळे आपल्या रक्तात ते मुळातच जास्त असतं. ज्यांचं वाढतं त्यांच्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत किडनी ते पुरेसं बाहेर टाकत नाही, हेच कारण असतं. फक्त ताट बदलून आकडा फार खाली का येत नाही, याचं उत्तर इथेच आहे. कडक पथ्यानेही तो साधारण एकानेच उतरतो.

हाडांचं थेट नुकसान होतं ते स्फटिकांमुळे. शरीराच्या तापमानाला रक्तात युरिक ॲसिड सुमारे ६.८ मिलीग्रॅम प्रति डेसीलिटरपर्यंत विरघळलेलं राहू शकतं. त्यापुढे त्याचे सुईसारखे स्फटिक तयार होऊ शकतात. पायाची बोटं शरीराच्या मानाने थंड असतात, तिथे ते लवकर साचतात. म्हणूनच गाऊटचा, म्हणजे या स्फटिकांमुळे होणाऱ्या संधिवाताचा, पहिला झटका बऱ्याचदा पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी येतो. शरीर या स्फटिकांवर तुटून पडतं, जोराचा दाह होतो, आणि तो वर्षानुवर्षं चालू राहिला तर हाड खाणाऱ्या पेशी चेतवल्या जातात व हाड नव्याने बांधणाऱ्या पेशी मागे पडतात. एक्स-रेमध्ये सांध्याजवळच्या हाडाची कड कुरतडल्यासारखी दिसते. डॉक्टरांच्या भाषेत त्याला 'उंदराने चावल्यासारखी झीज' असंच म्हणतात. हे नुकसान खरं आहे, पण ते त्या सांध्यापुरतं असतं आणि वेळेवर उपचार केले तर टाळता येतं.

संपूर्ण सांगाड्याचं, म्हणजे हाडांच्या घनतेचं चित्र वेगळं आहे. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम अभ्यासात आणि कोरिया, ऑस्ट्रेलियातल्या पाहण्यांत असं दिसलं की ज्यांचं युरिक ॲसिड थोडं जास्त, त्यांची हाडं उलट थोडी घन होती. युरिक ॲसिड रक्तात ऑक्सिडीकरण रोखतं, हा त्याचा फायदा असावा असं मानलं गेलं. दुसरीकडे अमेरिकेतल्या वयस्कर पुरुषांच्या एका पाहणीत सर्वांत जास्त युरिक ॲसिड असलेल्यांत खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. मग ज्यांच्यात जनुकांमुळे जन्मापासूनच युरिक ॲसिड जास्त किंवा कमी असतं अशा लोकांची हाडं तपासली गेली, आणि त्यात फरक दिसला नाही. याचा सरळ अर्थ असा की हाडांची घनता युरिक ॲसिड ठरवत नाही. वजन, स्नायू, एकूण पोषण आणि किडनीची ताकद या गोष्टी युरिक ॲसिड आणि हाडं या दोन्हींच्या मागे उभ्या असतात. धडधाकट, खाऊन-पिऊन असलेल्या माणसाचं युरिक ॲसिडही थोडं वर असतं आणि हाडंही भरीव असतात.

तेव्हा 'युरिक ॲसिडमुळे हाडं ठिसूळ होताहेत' हेही चूक, आणि 'थोडं वाढलेलं बरंच' म्हणून सोडून देणंही चूक.

पहिली पायरी: आकडा नीट वाचा

बहुतेक लॅबमध्ये पुरुषांसाठी वरची मर्यादा ७ ते ७.२ आणि स्त्रियांसाठी ६ च्या आसपास छापलेली असते. स्त्रियांची कमी, कारण पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन किडनीला युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करतं. पाळी थांबली की ते हळूहळू वाढतं. त्याच काळात, त्याच इस्ट्रोजेनच्या अभावी हाडांची झीजही वेग घेते. पंचावन्न वर्षांच्या बाईंच्या रिपोर्टात दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात आणि एकीमुळे दुसरी झाली असं वाटतं. मूळ मात्र एकच असतं.

एकाच तपासणीवर निर्णय घेऊ नका. निर्जळी उपवास, उन्हाळ्यातला प्रवास, आदल्या रात्रीची पार्टी, कडक डाएट, यातल्या कशानेही आकडा वर जातो. उलट गाऊटचा झटका चालू असताना तो काही जणांत चक्क नॉर्मल येतो. झटका ओसरल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा, तो आकडा खरा माना.

दुसरी पायरी: दुखणं कशाचं आहे ते ठरवा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. गाऊटचा झटका ओळखू येतो. रात्रीतून एखादा सांधा लालबुंद, गरम, सुजलेला होतो, चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, आणि आठवडा-दोन आठवड्यांत तो पूर्ण शांत होतो. जिना चढताना दोन्ही गुडघे दुखणं, सकाळी टाच दुखणं, कंबर धरणं, हात-पाय ओढल्यासारखे होणं, ही युरिक ॲसिडची लक्षणं नाहीत. गुडघ्याची झीज, टाचेच्या पडद्याचा दाह किंवा 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता, यांची शक्यता कितीतरी जास्त असते. 'ड' फारच कमी असेल तर हाडं मऊ पडतात आणि नडगी, बरगड्या, माकडहाड ठणकत राहतं. अशा माणसाची डाळ बंद करून काहीच साधत नाही.

शंका असेल तर सांध्यातलं पाणी सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक पाहणं ही सर्वांत खात्रीची तपासणी. सांध्याच्या सोनोग्राफीतही कुर्चेवर स्फटिकांचा थर दिसू शकतो.

तिसरी पायरी: किडनी आणि औषधांची यादी

युरिक ॲसिडबरोबर क्रिएटिनिन तपासा आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती वेगाने रक्त गाळते त्याचा अंदाज, बघा. किडनी मंदावली की युरिक ॲसिड साचतं. शिवाय 'ड' जीवनसत्त्वाला कामाच्या रूपात आणण्याचं मुख्य ठिकाणही किडनीच आहे, त्यामुळे हाडंही अडचणीत येतात. दोन्ही तक्रारींचा एकच धागा सापडण्याची सर्वांत जास्त शक्यता इथे असते.

घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या आणि रोजची कमी डोसची ॲस्पिरिन युरिक ॲसिड वाढवतात. टीबीच्या उपचारातलं पायराझिनामाइड तर ते बरंच वर नेतं. टीबीच्या रुग्णांनी आकडा बघून गोळ्या अजिबात सोडायच्या नाहीत. तो कोर्स पूर्ण होणं जास्त महत्त्वाचं आहे आणि पायराझिनामाइड बंद झाल्यावर आकडा आपोआप उतरतो. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिनही स्वतःहून थांबवू नका. बीपीची गोळी मात्र बदलता येते का, हे विचारायला हरकत नाही. लोसार्टन या बीपीच्या गोळीने बीपीबरोबर युरिक ॲसिडही थोडं उतरतं.

'संधिवातावर रामबाण' म्हणून विनालेबल पुडीत मिळणाऱ्या चूर्णांबद्दल कळकळीने सांगतो. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. दोन दिवसांत चमत्कारासारखं बरं वाटतं ते त्यामुळेच. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज २.५ मिलीग्रॅम इतक्या छोट्या प्रमाणातही तीन महिन्यांपुढे चालू राहिलं तर हाडांची वेगळी काळजी घ्यावी लागते. पुडीत किती आहे ते तर कुणालाच ठाऊक नसतं. वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या की किडनीवर ताण येतो आणि युरिक ॲसिड आणखी साचतं.

ज्यांना मुतखडा होतो त्यांनी 'खडा कॅल्शियमचा आहे' म्हणून दूध सोडलेलं असतं. जेवणातलं कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला, म्हणजे खडे बनवणाऱ्या अन्नातल्या द्रव्याला, बांधून ठेवतं, ते कमी केलं तर खडे उलट वाढू शकतात. त्यामुळे दूध-दही सोडू नये. खडा युरिक ॲसिडचा असेल तर लघवीची आम्लता कमी करणारं पोटॅशियम सायट्रेट डॉक्टर देतात, पाणी भरपूर प्यायला सांगतात.

चौथी पायरी: हाडं वेगळी तपासा

हाडांची अवस्था युरिक ॲसिडच्या आकड्यावरून कळत नाही, त्यासाठी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी एक्स-रे तपासणी, लागतो. त्यात टी-स्कोअर येतो, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत तुमची घनता किती ते. उणे १ च्या वर नॉर्मल, उणे १ ते उणे २.५ म्हणजे घनता घटलेली, आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली. सोसायटीच्या मोफत शिबिरात टाच यंत्रात ठेवून जे मोजतात ते चाळणीपुरतं ठीक, पण त्यावर औषध सुरू करू नये.

पाळी लवकर थांबलेल्या, किरकोळ पडण्याने हाड मोडलेले, आई-वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं होतं असे, बराच काळ स्टिरॉइड घेतलेले, उंची कमी झाल्यासारखी वाटणारे, वजन फार कमी असलेले, या सगळ्यांनी डॉक्टरांकडे डेक्साचा विषय काढावा. सोबत रक्तातलं 'ड' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम. 'ड' २० नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटरच्या खाली असेल तर कमतरता समजतात. आठवड्याला एक ६० हजार युनिटची पुडी ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती वर्षभर घेत राहणारे लोक आहेत आणि त्यातून रक्तात कॅल्शियम धोकादायक वाढतं.

पाचवी पायरी: ताट पुन्हा मांडा

पहिली गोष्ट, डाळ परत आणा. प्युरीन डाळीत असतं हे खरं. पण अमेरिकेत ४७ हजारांहून जास्त पुरुषांचा १२ वर्षं पाठपुरावा करून २००४ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मांस आणि समुद्री अन्न जास्त खाणाऱ्यांत गाऊट वाढला. प्युरीन असलेल्या भाज्या आणि कडधान्यांनी मात्र तो वाढला नाही. दुधाचे पदार्थ, विशेषतः कमी सायीचे, खाणाऱ्यांत तर तो कमी होता. तूर, मूग, मसूर, मटकीची उसळ, पालक, फ्लॉवर, टोमॅटो, हे सगळं माफक प्रमाणात चालतं. क्वचित एखाद्याला ठरावीक पदार्थाने दर वेळी झटका येतो. त्याने तेवढाच टाळावा, शेजाऱ्याने नव्हे.

दुसरी गोष्ट, दूध आणि दही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलीग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी थांबलेल्या स्त्रीला १२००. हिशोब करून बघू. २०० मिलीलिटरच्या पेलाभर दुधातून सुमारे २४०, मोठ्या वाटीभर दह्यातून १८० च्या आसपास, नाचणीच्या दोन भाकऱ्यांतून ३५० च्या जवळपास, आणि वर मोठा चमचाभर न सोललेल्या तिळाची चटणी म्हणजे आणखी १२० तरी. इथेच ८९० झालं, उरलेलं भाजी-डाळीतून येतं. नाचणी-तिळातलं सगळं शोषलं जात नाही हे लक्षात ठेवून दूध-दही कायम ठेवा. नाचणीचं पीठ आंबवून केलेली आंबील त्या दृष्टीने भाकरीपेक्षा सरस. ताक आंबट असतं म्हणून युरिक ॲसिड वाढतं, या समजुतीला काही आधार नाही. लिंबू, आवळा, संत्रंही चालतं. 'क' जीवनसत्त्वाने युरिक ॲसिड उलट किंचित उतरतं.

आता कमी काय करायचं ते.

आपल्याकडे हाड मोडलं की पायाचा रस्सा किंवा खेकड्याचं कालवण प्यायला देतात, आणि तेही मायेने. पण हाडं उकळून पाण्यात कॅल्शियम फारसं उतरत नाही, प्युरीन मात्र छान उतरतं. मटण उकळलं की त्यातल्या प्युरीनचा मोठा वाटा रश्श्यात जातो. गाऊट असलेल्या माणसाला फ्रॅक्चरनंतर रोज वाटीभर पायाचं सूप दिलं तर झटक्याची सोय होते. त्या जागी दूध, अंडी, डाळ द्यावी. अंड्यात प्युरीन अगदी थोडं असतं आणि प्रथिनं उत्तम. कलेजी, वजरी, भेजा हे मात्र टाळलेलंच बरं.

कोकणात आणि गोव्यात 'मासे बंद' म्हटलं की अर्धं जेवण संपतं. तसं करायची गरज नाही. प्युरीन सर्वांत जास्त असतं ते छोट्या, अख्ख्या खायच्या आणि सुक्या मासळीत, म्हणजे तारली, मांदेली, सुकट, जवळा, सोडे यांत. अडचण अशी की काट्यासकट खाल्लेले हेच छोटे मासे कॅल्शियम देतात आणि तारली-बांगड्यासारखे तेलकट मासे 'ड' जीवनसत्त्व. म्हणून गाऊट नसेल, फक्त आकडा थोडा वर असेल, तर आठवड्यातून एक-दोनदा मासे खाण्यात काही वावगं नाही. गाऊटचे झटके येत असतील तर सुकी मासळी सोडा, ओले मासे छोट्या वाढणीत ठेवा आणि झटका चालू असताना पूर्ण थांबा.

बिअरने युरिक ॲसिड सर्वांत जास्त चढतं, कारण तिच्यात दारूबरोबर प्युरीनही असतं. त्याखालोखाल व्हिस्की, रम, फेणी. गटारीला मटण आणि बिअर एकत्र येतात, ते गाऊटवाल्यांसाठी वाईट जुळून येणं. जास्त दारू हाडांनाही मारक, त्यामुळे हा एक बदल दोन्हीकडे उपयोगी पडतो.

साखरेबद्दल कुणी बोलत नाही, ते बोलायला हवं. साखरेतलं फ्रुक्टोज यकृतात मोडताना युरिक ॲसिड तयार करतं. कोल्ड्रिंक, डब्याबंद ज्यूस, रोजचा उसाचा रस, 'नैसर्गिक' म्हणून भरपूर घेतलेला मध, या सगळ्यांना ते लागू आहे. अख्खं फळ खाल्लं तर चालतं. शाकाहारी घरात डाळ बंद आणि दिवसाला चार कप गोड चहा चालू, हे अगदी उलटं आहे. चहा-कॉफी प्यायला हरकत नाही, साखर कमी करा.

पाणी दिवसाला दोन ते अडीच लिटर, विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. हृदय किंवा किडनीच्या रुग्णांनी डॉक्टरांनी ठरवून दिलेलं प्रमाण पाळावं.

सहावी पायरी: गोळी कुणाला, कुणाला नाही

आकडा वाढलेला आहे पण कधी झटका आलेला नाही, मुतखडा नाही, सांध्याजवळ गाठी नाहीत, तर बहुतेकांना युरिक ॲसिडची गोळी लागत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीची २०२० ची शिफारस हीच आहे.

वर्षातून दोन किंवा अधिक झटके, त्वचेखाली खडूसारख्या गाठी, किंवा एक्स-रेत हाडाची झीज दिसत असेल तर गोळी हवीच, आणि ती दीर्घकाळ. ध्येय ६ च्या खाली. गाठी असतील तर अनेक तज्ज्ञ ५ च्या खाली नेतात, म्हणजे साचलेले स्फटिक लवकर विरघळतात. कायम ३ च्या खाली ठेवण्याचा सल्ला मात्र दिला जात नाही. युरिक ॲसिड उतरवणारी नेहमीची गोळी ॲलोप्युरिनॉल १०० मिलीग्रॅम किंवा त्याहून कमी डोसने सुरू करून हळूहळू वाढवतात. सुरुवातीचे तीन ते सहा महिने जुने स्फटिक हलतात आणि झटके उलट वाढू शकतात, म्हणून सोबत झटके रोखणारं कोल्चिसिन देतात. 'गोळी घेतली आणि दुखणं वाढलं' म्हणून याच टप्प्यावर अनेक जण औषध सोडतात. सोडू नका, झटक्यातही ती चालू ठेवायची असते. अंगावर पुरळ आलं तर मात्र लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवा, ते क्वचित पण जिवावर बेतू शकतं. ॲझाथायोप्रिन (रोगप्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर आधीच सांगा, दोन्ही एकत्र धोकादायक आहेत. फेबुक्सोस्टॅट ही युरिक ॲसिड उतरवणारी दुसरी गोळी घेणाऱ्यांनी हृदयविकाराचा इतिहास लपवू नये.

युरिक ॲसिड उतरवलं तर हाडं कमकुवत होतील का, असं कुणी विचारलं तर जनुकांचा तो अभ्यास आठवा. त्या भीतीने गोळी टाळायचं कारण नाही. उपचार न केलेला गाऊट सांध्याजवळचं हाड खातो, हे मात्र डोळ्यांना दिसतं.

सातवी पायरी: वजन, उपवास, चालणं

वजन महिन्याला दोन किलोपर्यंत, संथ उतरवा. उपाशी राहून झपाट्याने उतरवलं तर शरीरात तयार होणारी किटोन द्रव्यं किडनीत युरिक ॲसिडची वाट अडवतात, आकडा चढतो, आणि स्नायूंबरोबर हाडही झिजतं. एकादशी-नवरात्राचा उपवास करायचा असेल तर पाणी आणि ताक चालू ठेवून करा. दूध, दही, फळं, राजगिरा उपवासाला चालतात. साबुदाण्यावर दिवस काढू नका.

हाडांना भार हवा असतो. रोज अर्धा तास झपाट्याने चालणं आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंचा व्यायाम करा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठ-बस, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, इथून सुरुवात पुरेशी. झटका असेल त्या दिवसांत त्या सांध्याला विश्रांती आणि बर्फाचा शेक. आजी-आजोबांच्या घरात न्हाणीघरात दांडी, रात्रीचा छोटा दिवा आणि न सरकणारं पायपुसणं हेही हाडांसाठीच आहे.

आठवी पायरी: पुढच्या तपासण्या

गोळी सुरू असेल तर डोस ठरेपर्यंत दर दोन ते पाच आठवड्यांनी युरिक ॲसिड, नंतर सहा महिन्यांनी एकदा, सोबत क्रिएटिनिन. गोळी नसेल तर वर्षातून एकदा पुरतं. डेक्साची घाई नको, साधारण दोन वर्षांचं अंतर ठेवतात, कारण हाडात मोजता येण्याजोगा बदल व्हायला तेवढा वेळ लागतो. शक्यतो त्याच सेंटरमध्ये, त्याच यंत्रावर करा.

आणि एखादा सांधा अचानक सुजून गरम झाला, त्याबरोबर थंडी वाजून ताप आला, तर 'नेहमीचा गाऊट असेल' म्हणून घरी थांबू नका. सांध्यात पू झाल्यावरही अगदी असंच दिसतं, आणि तो काही दिवसांत कूर्चा आणि हाड दोन्ही नासवतो. त्याच दिवशी रुग्णालयात जा आणि सांध्यातलं पाणी तपासायला सांगा.